आधी पाहा, मग हला: ‘शॅडो टॅक्टिक्स’ पहिल्यांदाच खेळणाऱ्यांसाठी

हा गेम लोक पहिल्याच मिशनमध्ये सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या ओळखीतल्या तिघांनी तो सेलमध्ये घेतला, दोन संध्याकाळी खेळून पाहिला आणि “सारखं मरायलाच होतं” म्हणून काढून टाकला. मीही पहिली रात्र गेममधल्या ओसाकाच्या किल्ल्यातल्या एकाच अंगणात काढली होती. कुणी शेजारी बसून चार गोष्टी सांगितल्या असत्या तर ती रात्र वाचली असती. त्या गोष्टी इथे क्रमानं लिहिते आहे.

गेमचं पूर्ण नाव ‘शॅडो टॅक्टिक्स: ब्लेड्स ऑफ द शोगुन’. जर्मनीतल्या म्युनिकच्या मिमिमी या लहानशा स्टुडिओनं तो बनवला आणि डिसेंबर २०१६ मध्ये तो कॉम्प्युटरवर आला. काळ १६१५ चा, जपानमधल्या एदो कालखंडाच्या सुरुवातीचा. तोकुगावा घराण्याच्या सैन्यानं १६१४ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा १६१५ च्या उन्हाळ्यात ओसाकाच्या किल्ल्याला वेढा घातला, किल्ला राखणारं तोयोतोमी घराणं तिथे संपलं आणि त्यानंतर जपानमध्ये जवळपास अडीचशे वर्षं मोठं युद्ध झालं नाही. गेम ओसाकातच सुरू होतो. पुढे शोगुनसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकासाठी, काम करणारे पाच जण पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत कागे-सामा नावाच्या अज्ञात माणसाच्या मागावर निघतात. एकूण मिशन तेरा.

आपण सगळं वरून पाहतो, नकाशावर पट मांडल्यासारखं. पण बुद्धिबळासारखी पाळीपाळीनं चाल नाही, वेळ चालूच असते. ज्यांनी ‘कमांडोज’ खेळलाय त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. १९९८ चा तो स्पॅनिश गेम आमच्या सांगलीच्या सायबर कॅफेत दादा तासाचे पैसे भरून खेळायचा आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून “तो वळला, तो वळला” म्हणून ओरडायचे. ‘शॅडो टॅक्टिक्स’ थेट त्याच कुळातला आहे.

१. आधी हे जमवा

- विंडोज, मॅक किंवा लिनक्स कॉम्प्युटर. किमान ४ जीबी रॅम लागते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर चांगलं.
- चाक असलेला साधा माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर हा गेम खेळू नका. नेम धरताना बोट घसरतं आणि दोष गेमला जातो.
- कंट्रोलर असेल तर तोही उत्तम चालतो. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवरही गेम आहे.
- हेडफोन. कोण कुठे बोलतंय, अलार्म कुठून वाजला, हे कानानं लवकर कळतं.
- कागद-पेन्सिल. गंमत म्हणून सांगत नाहीये, तिसऱ्या पायरीत लागेल.
- सलग दीड-दोन तास. दहा मिनिटांच्या फटीत खेळण्याचा हा गेम नाही.

घाई नसेल तर स्टीम किंवा जीओजी या गेम विकणाऱ्या साइटच्या सेलची वाट पाहा, किंमत बरीच खाली येते.

२. सुरुवातीच्या सेटिंग

अवघडपणाची पातळी विचारली की सगळ्यात सोपी निवडा. तिच्यात पहारेकऱ्याला तुम्ही दिसायला थोडा जास्त वेळ लागतो, पण कोडं तेच राहतं. जपानी आवाज आणि खाली इंग्रजी सबटायटल असा पर्याय आहे, तो घ्याच. म्हातारा ताकुमा इंग्रजीत बोलला की माझं तर लक्षच उडतं.

शेवटच्या सेव्हला एक मिनिट उलटलं की स्क्रीनवर आठवण करून देणारं घड्याळ दिसू लागतं. काहींना त्याचा त्रास होतो आणि ते बंद करतात. तुम्ही पहिली पाच मिशन तरी ते चालू ठेवा.

३. पहिली पाच मिनिटं कुणालाही हलवू नका

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात.

मिशन सुरू झालं की कॅमेरा फिरवून आसपासचा भाग पाहून घ्या. मग एकेका पहारेकऱ्याची नजर तपासा. एका वेळी एकाचीच नजर दिसते, जमिनीवर पसरलेला हिरवा पट्टा म्हणून. या पट्ट्याचे दोन भाग असतात. पहारेकऱ्याजवळचा भाग भरीव असतो: तिथे तुम्ही उभे असा की वाकलेले, दिसणारच. लांबचा भाग रेघारेघांचा असतो: तिथे उभं राहिलात तर दिसता, वाकून गेलात तर दिसत नाही. हा एक फरक न कळल्यामुळे मी पहिल्या रात्री निदान वीस वेळा मेले असेन. सगळा पट्टाच धोक्याचा समजून मी लांबचे वळसे घेत होते आणि प्रत्येक वळशात दुसऱ्याच कुणाच्या तरी नजरेत सापडत होते.

पट्ट्यात आलात म्हणून लगेच सगळं संपत नाही. पहारेकऱ्याकडून तुमच्या दिशेनं पिवळा रंग भरत येतो. तो तुमच्यापर्यंत पोचायच्या आत आडोसा गाठला तर वाचता. लांब असाल तर वेळ जास्त मिळतो, जवळ असाल तर जवळजवळ मिळतच नाही.

दुसरं साधन आहे खुणेचं. जमिनीवर हव्या त्या जागी नजरेची खूण ठेवता येते, आणि ती जागा कुणाकुणाला दिसते ते रेषांनी दाखवलं जातं. ही खूण पहारेकऱ्याच्या पायाशीच ठेवा. इथे याला मारलं तर कोण पाहील, याचं उत्तर लगेच मिळतं.

आता कागद घ्या. प्रत्येक पहारेकऱ्यासाठी एक ठिपका काढा, आणि ज्याला जो दिसतो त्याच्याकडे बाण. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही, तो तुमचा पहिला माणूस. असा कुणी नसेल तर ज्याच्याकडे एकच बाण येतो तो शोधा, आणि तो बाण थोडा वेळ कसा वळवता येईल ते पाहा. विणलेला स्वेटर उसवताना आपण मधूनच दोरा ओढत नाही, मोकळं टोक शोधतो. इथेही तसंच.

४. पाच जण आणि त्यांची हत्यारं

*हायातो* निन्जा आहे. दोराला बांधलेल्या आकड्यानं छपरावर चढतो, वेलींवरून जातो, खडा फेकून पहारेकऱ्याची मान वळवतो. त्याचं शुरिकेन, म्हणजे फेकायचं चक्र, लांबून आवाज न करता मारतं. पण ते एकच आहे आणि प्रेतातून परत काढून आणावं लागतं. चक्र फेकण्याआधी ते उचलायला जायची वाट आहे का, हे आधी बघा.

*मुगेन* सामुराई. अंगात चिलखत, त्यामुळे छपरांवर चढणं त्याला जमत नाही. पण तो दोन प्रेतं एकदम उचलून पळू शकतो, आणि एका झपाट्यात आजूबाजूच्या तिघाचौघांना कापू शकतो. साकेची, म्हणजे जपानी दारूची, बाटली ठेवून साध्या पहारेकऱ्याला जागेवरून बोलावतोही.

*युकी* रस्त्यावर वाढलेली चोर पोर आहे. तिच्याकडे सापळा आणि पक्ष्याच्या आवाजाची शिट्टी. झुडपाआड सापळा लावायचा, दोन पावलं मागे सरायचं, शिट्टी वाजवायची. पहारेकरी आवाजाच्या दिशेनं स्वतःच्या पायांनी चालत येतो. नवख्यांसाठी याहून भरवशाची युक्ती या गेममध्ये नाही. सापळा परत उचलायला विसरू नका. आणि शिट्टी ऐकू जाईल त्या वर्तुळात किती जण आहेत ते आधी मोजा, दोघं आले तर सापळ्यात एकच पडतो.

*आयको* वेषांतरात तरबेज. मात्र वेष सुरुवातीला तिच्याजवळ नसतो, त्या त्या मिशनमध्ये तो शोधून चोरावा लागतो. एकदा मिळाला की ती पहाऱ्यातून सरळ चालत जाते आणि हव्या त्या पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवते. तिच्याकडे शिंका आणणारी पूडही आहे, तिनं समोरच्याची नजर काही क्षण आखूड होते.

*ताकुमा* लाकडी पायाचा म्हातारा नेमबाज, बरोबर कुमा नावाचा तानुकी, म्हणजे रकूनसारखा दिसणारा जपानी प्राणी. कुमाला पाठवलं की पहारेकरी त्याच्याकडे बघत राहतात. ताकुमाच्या गोळ्या मोजक्याच असतात. जपानमध्ये तोड्याच्या बंदुका १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर आलेल्या पोर्तुगिजांबरोबर पोचल्या, आणि तिथल्या लोहारांनी थोड्याच वर्षांत त्या स्वतः घडवायला घेतल्या. म्हणून १६१५ च्या या गोष्टीत बंदूक दिसली तर बिचकू नका, ती तिथे असायलाच हवी.

पाचांपैकी एक जरी मेला तरी मिशन संपतं. म्हणून ज्याला वापरत नाही आहात त्याला झुडपात किंवा कुणाची फेरी येत नाही अशा कोपऱ्यात वाकवून ठेवा. रस्त्याकडेला विसरलेला ताकुमा हे माझ्या निम्म्या पराभवांचं कारण होतं.

५. समोर कोण उभा आहे ते ओळखा

साधा पहारेकरी सगळ्याला फसतो: बाटली, शिट्टी, पावलांचे ठसे.

गवती टोपीवाला जागा सोडत नाही. त्याला बाटली दाखवा नाहीतर शिट्टी ऐकवा, तो हलणार नाही. त्याची नजर तेवढी दुसरीकडे वळवता येते.

सामुराई सगळ्यांत अवघड. आयकोचा वेष त्याला फसवत नाही आणि मागून जाऊन केलेला साधा वारही चालत नाही. मुगेन त्याला समोरासमोर संपवतो, पण त्याला वेळ लागतो. मुगेन हाताशी नसेल तर आधी गोळी मारा: सामुराई काही क्षण गुडघ्यावर येतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीही जाऊन त्याला संपवायचं. म्हणजे दोघांचं काम. एकट्यानं त्याच्या वाटेला जाऊ नका.

६. सेव्ह करायची लाज वाटू देऊ नका

कीबोर्डवर एफ५ नं सेव्ह होतं, एफ८ नं परत मागे जाता येतं. मागे जाणं म्हणजे फसवणूक, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण बनवणाऱ्यांनीच आठवणीचं घड्याळ लावून ठेवलंय. करून बघा, फसलं तर परत या, हीच या गेमची चाल आहे. एका अंगणासाठी पंधरा वेळा मागे जाणं अगदी सामान्य आहे.

एक सापळा मात्र आहे. पिवळा रंग आपल्या दिशेनं येत असताना घाबरून एफ५ दाबलं जातं, आणि मग प्रत्येक वेळी परत येऊन आपण त्याच मरणाच्या क्षणी उभे राहतो. माझी पाऊण तासाची मेहनत अशी गेली आहे. म्हणून सेव्ह करण्याआधी दोन गोष्टी पाहा: सगळे आडोशाला आहेत ना, आणि सगळी प्रेतं लपली आहेत ना. शिवाय नकाशाचा एक मोठा भाग साफ झाला की मेनूत जाऊन वेगळा सेव्ह करून ठेवा.

७. एक गाठ जवळून पाहू

समजा विहिरीपाशी दोन पहारेकरी समोरासमोर उभे राहून बोलताहेत. पलीकडच्या पुलावर एक गवती टोपीवाला आहे, त्याचं तोंड विहिरीकडे. चौथा एका घराला फेरी घालतो आणि फेरीत पुलासमोरून जातो. तुमच्याकडे हायातो आणि युकी.

नवखा माणूस विहिरीवरच्या दोघांपासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यांत जवळ असतात. पहिला पडला की दुसरा ओरडतो. कसंबसं दोघांना मारलं तर पुलावरचा ओरडतो.

कागदावरचे बाण बघा. दोघांकडे एकमेकांचा बाण आहे आणि टोपीवाल्याचाही. टोपीवाल्याकडे फक्त फेरीवाल्याचा. फेरीवाल्याकडे, तो घराच्या मागे गेला की, एकही नाही. म्हणजे क्रम आपोआप ठरला.

घड्याळ न बघता मनात अंक मोजा. समजा फेरीवाला घराच्या मागे आठ अंक असतो. युकीनं तिथे सापळा लावायचा आणि कोपऱ्यात वाकून थांबायचं. तो आला, पडला, प्रेत झुडपात. इथे सेव्ह. आता टोपीवाला एकटा उरला. हायातो छपरावरून त्याच्या मागे उतरतो आणि वार करतो. विहिरीवरच्या दोघांपैकी कुणाची नजर पुलापर्यंत पोचत नाही, हे आपण आधीच तपासलेलं आहे. प्रेत उचलून आडोशाला. पुन्हा सेव्ह. उरले ते दोघं. त्यांच्यातला एक आधी मारताच येत नाही, दोघं एकाच क्षणी पडायला हवेत. तिथे पुढची पायरी.

८. शॅडो मोड

दोघांना एकाच क्षणी पाडायची सोय हीच. शॅडो मोड चालू करून प्रत्येकाला एकेक काम नेमून ठेवता येतं: हायातोनं डावीकडच्यावर चक्र फेकायचं, युकीनं उजवीकडच्याला मागून गाठायचं. मग एक बटण दाबलं की सगळे एकदम निघतात.

दोन गोष्टी इथे चुकतात. पहिली, शॅडो मोडमध्ये वेळ थांबत नाही, पहारे चालूच राहतात. म्हणून नेमणूक करताना घाई होणार नाही अशी जागा निवडा. दुसरी, सगळे एकदम निघतात, पण एकदम पोचत नाहीत. चक्र क्षणात लागतं, युकीला चार पावलं चालत जावं लागतं. म्हणून युकीला आधीच वार करता येईल इतकं जवळ आणून ठेवा. दोघं एका आवाजात खाली पडलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खुर्चीतून उठून घरातल्या सगळ्यांना बोलावून आणलं होतं.

विहीर जवळच असेल तर प्रेतं तिच्यात टाका. तिथली प्रेतं कुणाला सापडत नाहीत.

९. बर्फ, पाणी, रात्र

नाकासेन्दो हा क्योटो आणि एदोला (आजच्या टोकियोला) डोंगरांतून जोडणारा जुना रस्ता, ६९ मुक्कामांचा. गेममध्ये तो बर्फात येतो. बर्फावर तुमची पावलं उमटतात, आणि साधा पहारेकरी ती दिसली की मागोमाग येतो. नवखा यातच पकडला जातो. पण तेच ठसे आमिष म्हणून वापरा: पहारेकऱ्याच्या नजरेच्या टोकाला पाऊल उमटवून घरामागे वळा आणि तिथे थांबा. थोड्या वेळानं ठसे पुसले जातात, त्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा हे करता येतं.

पाण्याच्या डबक्यातून चाललात तर आवाज होतो. पळण्याचा आवाज सगळीकडेच होतो.

रात्री अंधारात पहारेकऱ्यांना लांबचं दिसत नाही, उजेडात आलात तर दिसता. दिवे विझवता येतात. विझलेला दिवा पुन्हा लावायला पहारेकरी येतो, आणि तो कुठे येऊन उभा राहणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

१०. अलार्म झाला तर

चौक्यांमधून जास्तीचे शिपाई बाहेर पडतात आणि ते नंतरही नकाशावर राहतात. म्हणजे कोडं कायमचं अवघड होतं. पहिल्यांदा खेळताना सरळ मागचा सेव्ह लोड करा. फक्त एकदा, मुद्दाम, लपून बसा आणि शिपाई कुठून निघतात, कुठे शोधतात ते पाहून घ्या. मग लोड करा.

पिस्तुलाचा आवाज लांबवर जातो. अगदी शेवटची वेळ आल्याशिवाय त्याला हात लावू नका.

डोक्यावर टांगलेला माल, कड्यावरचा सैल दगड, अशा गोष्टी दिसल्या की कॅमेरा थांबवा. त्या खाली पाडून एका फटक्यात दोघं-तिघं जातात. त्या मोक्याच्या जागी कुणीतरी विचार करून ठेवलेल्या असतात.

११. मिशन संपल्यावर

शेवटी तुमचा सगळा प्रवास नकाशावर रेषांनी पुन्हा दाखवला जातो. तो गाळू नका. आपण कुठे उगाच वळसा घेतला ते तिथे दिसतं.

त्यानंतर बॅजची यादी उघडते: अमुक वेळेत पूर्ण करा, तमुक गोष्ट न वापरता करा. पहिल्या फेरीत त्यांच्याकडे बघूही नका. तिसरं-चौथं मिशन झालं की परत ओसाकाला जाऊन एक बॅज करून पाहा. ज्या अंगणात माझी पहिली रात्र गेली, तिथून दुसऱ्यांदा मी सहा-सात मिनिटांत पलीकडे होते, आणि अवघडपणाची पातळी वाढवायची वेळ झाली हे मला तिथे कळलं.

तेरा मिशन संपली की ‘आयकोज चॉइस’ घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये आलेला हा छोटा स्वतंत्र भाग आहे, तीन मोठी मिशन आणि तीन लहान. मूळ गेम नसला तरी तो चालतो, पण त्यातली गोष्ट मूळ कथेच्या शेवटाच्या आधी घडते आणि पाचही जण तुम्हाला ओळखीचे आहेत असं ती धरून चालते. म्हणून क्रम उलटा करू नका. मिमिमीनं २०२३ मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा या पाच जणांची पुढची गोष्ट त्यांच्याकडून येणार नाही. जे आहे ते सावकाश खेळा, आणि ओसाकाच्या पहिल्या अंगणात पहिली पाच मिनिटं हायातोला झुडपातच बसू द्या.